हँडल सोडून बाकी सगळं

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी भाऊजींचा फोन. ह्यांच्या मोटरसायकलला गिऱ्हाईक मिळालंय. भाऊजींच्या ऑफिसातले कोणी साहेब आहेत. सतरा तारखेला सकाळी गाडी बघायला येणार. भाऊजींचं म्हणणं, दादा गेल्यापासून गाडी पार्किंगमध्ये नुसती उभी आहे, गंजून जाईल, आणि वहिनी, तुम्हाला तिचा काय उपयोग.

मी म्हटलं, विकायची नाही. मी चालवणार आहे.

भाऊजींनी विचारलं, जेवण वेळेवर होतंय ना?

होतंय.

फोन ठेवल्यावर विचार केला, आपण बोललो ते बरोबरच आहे. लग्नापासून मी त्या गाडीवर बसते आहे. कुठे खड्डा, कुठे वळण, कुठे गिअर बदलायचा, सगळं मला पाठ. फक्त हँडल माझ्या हातात नसायचं. बाकी गाडी आम्ही दोघांनी मिळूनच चालवली.

४ फेब्रुवारी

हॉस्पिटलात माझ्याकडे एक्स-रेला आज कॉलरबोन मोडलेली एक तरुण बाई आली. चेहऱ्यावर वेदनेचा लवलेश नाही. मोटरसायकलवरून पडली म्हणे. "श्वास घ्या, रोखा" म्हटलं तरी बोलतच होती. पंधरा-सोळाला शहराबाहेरच्या रेस ट्रॅकवर फक्त बायकांसाठी दोन दिवस ठेवलेत. कंपन्या आपापल्या गाड्या घेऊन येतात. दुचाकीचं कुठलंही लायसन्स असलं की पुरे. लहान, मोठी, उंच, बुटकी, हवी ती चालवून बघायची. एकदा जाच म्हणाली, आणि धडधाकट हाताने माझ्या फोनमध्ये नंबर टाकून दिला.

लायसन्स माझ्याकडे आहे. कॉलेजात असताना मोपेडवर काढलेलं. वेळच्या वेळी रिन्यूही केलंय.

मोटरसायकलवाल्यांची हाडं मी रोज बघते. ते कुठे चुकतात हे मला अगदी आतून माहीत आहे. ही माझी जमेची बाजू.

नाव नोंदवलं. एकेक गाडी चालवत शेवटी ह्यांच्यासारख्याच मोठ्या गाडीवर यायचं. सतराला साहेबांसमोर बिल्डिंगला एक फेरी मारायची. विषय संपला.

८ फेब्रुवारी, शनिवार

सराव सुरू. सोफ्याच्या हातावर बसून डाव्या हाताने क्लच, उजव्याने ब्रेक. हेल्मेट ह्यांचंच घातलं. थोडं मोठं होतं. मी मान वळवली की हेल्मेट समोरच बघत राहतं. आत टॉवेल भरला. आता ऐकू येत नाही, पण ऐकण्यासारखं काही नसतंच.

तेवढ्यात वन्सं आल्या. दार उघडंच होतं. वन्सं माझ्या एकुलत्या एक नणंद, ह्यांच्या पाठच्या. मी तोंडाने इंजिनचा आवाज काढत होते असं त्यांचं म्हणणं आहे. मी काढत नव्हते.

सगळं सांगितलं. त्या हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत. मी पण येते म्हणाल्या, माझी कार घेऊन. परत आणायला कोणी तरी हवं.

हे ज्या सुरात म्हणाल्या तो सूर मला आवडला नाही. पण सोबत बरी. बिचाऱ्यांनी भाजी आणायच्या स्कूटरपलीकडे काही चालवलेलं नाही. बसतील तंबूत सावलीला.

११ फेब्रुवारी

मानेचे व्यायाम राहिले. मनगटांचेही राहिले. पण मन तयार आहे.

गाडी पुसली. ती मी दर रविवारी पुसते, पण आज मंगळवारीही पुसली. चालू करून बघितली नाही. उगाच शेजाऱ्यांना त्रास.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

ह्यांचं लेदर जॅकेट काढलं. बाह्या बोटांच्या बऱ्याच पुढे जातात. दुमडल्या. खिशात पेट्रोलपंपाची जुनी पावती आणि एक गोळी निघाली, प्रवासात मला मळमळतं त्याची. ती तशीच आत ठेवली.

ठराव: उद्या रडायचं नाही. वेळ आलीच तर हेल्मेटची काच खाली करायची.

१५ फेब्रुवारी, शनिवार. दुपार

पहिलं सत्र झालं. समाधानकारक.

ट्रॅकची मुख्य शिकवणारी एक काटक, बुटकी बाई आहे. सगळ्या तिला कोच म्हणतात. आवाज असा की माइकची गरज नाही. माझं हेल्मेट हातात घेऊन एकदा हलवलं, टॉवेल बाहेर पडला, आणि मला त्यांच्याकडचं लहान हेल्मेट दिलं. ह्यांचं वन्संकडे सांभाळायला ठेवलं.

पहिली गाडी सगळ्यात लहान. मी ऐटीत बसले. पाय जागेवर ठेवले. कोच जवळ आली, जरा वेळ बघत राहिली, मग हळूच म्हणाली, बाई, पुढे सरका.

मी मागच्या सीटवर बसले होते. पायसुद्धा मागच्या पायदानांवर.

मी सांगितलं, सीटच्या लांबीचा अंदाज घेत होते. तिला ते पटलं.

गाडी पाच-सहा वेळा बंद पडली. दोष गाडीत असावा. माझ्यानंतर दुसरी एक बाई तीच गाडी घेऊन सुरळीत गेली. तोपर्यंत इंजिन तापलं असणार, म्हणून.

संध्याकाळ

दुसरी गाडी रेसची. तिला मागची सीटच नाही, त्यामुळे चुकायचा प्रश्न नव्हता. गुडघे कानांशी, पोट टाकीवर. या अवस्थेत माणसाचा एक्स-रे काढायचा झाला तर मी नकार देईन.

सरळ रस्त्यावर गाडीने अचानक वेग घेतला. मी दोनदा थोपटलं. ह्यांच्या खांद्यावर दोनदा थोपटलं की हे वेग कमी करायचे, आमची तशी खूण होती. इथे टाकीवर थोपटलं. वेग कमी झाला नाही. या कंपनीने ब्रेककडे लक्ष द्यायला हवं.

तिसरी गाडी डोंगरदऱ्यांत न्यायची, उंच. माझे पाय जमिनीला टेकत नव्हते. मी पडले असं वन्सं म्हणतात. ते खरं नाही. गाडी उभीच होती. गाडी आणि मी अतिशय सावकाश, एकाच वेळी खाली आलो. कुठेही लागलं नाही. हाडं मी स्वतः तपासली.

चौथी बॅटरीवरची. आवाज शून्य. मला वाटलं बंदच आहे, म्हणून मूठ पिळून बघितली. बंद नव्हती. कडेला जुन्या टायरांची भिंत रचलेली आहे, तिची सोय किती चांगली आहे ते मला प्रत्यक्ष बघायला मिळालं.

वन्सं तंबूत बसून कंटाळल्या होत्या. कोचने त्यांना विचारलं, तुम्ही का बसलात? त्या म्हणाल्या, मी नुसती आलेय. कोच म्हणाली, मग फोटोपुरतं तरी बसा. ह्यांचं हेल्मेट हाताशी होतंच. त्यांनी घातलं. बेतून शिवल्यासारखं बसलं. घराण्याचं डोकं.

लहान गाडीवर बसल्या. फोटो काढला. आणि गेल्या की हो. एक पूर्ण फेरी मारून, जिथून निघाल्या तिथेच येऊन थांबल्या. गाडी एकदाही बंद पडली नाही. नवशिक्यांचं नशीब असतं.

कारमध्ये येताना सिग्नलला थांबल्यावर वन्सं म्हणाल्या, दादाने मला त्याच्या सायकललासुद्धा कधी हात लावू दिला नाही.

मी म्हटलं, तुम्ही खाली पाडाल अशी काळजी असेल. त्या म्हणाल्या, मी पाडणार नव्हते.

ते आज दिसलंच.

१६ फेब्रुवारी, रविवार. सकाळ

आज फक्त मोठी गाडी. ह्यांच्याच मॉडेलची, रंग वेगळा. कालच्या सगळ्या गाड्यांत काही ना काही दोष होते. ही ओळखीची आहे.

दुपारी

कोच सकाळभर माझ्यावरच लक्ष ठेवून होती. गुणी विद्यार्थ्यावर ठेवतात तसं. सरावाला आधी पुन्हा लहान गाडी दिली. मी वळणं घेतली. खरंच घेतली. पण कोचने मला थांबवलं आणि मान दुखते का विचारलं. म्हटलं, नाही. मग मान डावीकडे का कललेली असते? म्हटलं, पुढचा रस्ता दिसावा म्हणून. तिला कळेना. आरशात बघितलं. खरंच, मी सारखी डावीकडून वाकून बघत होते. सवय. ह्यांच्या डाव्या खांद्यावरून बघायची. सरळ बघितलं की ह्यांचं जॅकेटच दिसायचं.

कोचने मला उतरवलं नाही. समोर येऊन उभी राहिली. पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली.

"कोणाच्या खांद्यावरून बघताय? पुढे कोणी नाहीये."

ती हे वळणांबद्दलच बोलत होती. दुसरं काही तिला माहीत नाही. मी कोणाला सांगितलेलं नाही.

काच खाली केली. ट्रॅकवर धूळ फार. सोय करायला हवी.

संध्याकाळ

मोठी गाडी चालवली. निर्विवाद यश.

सविस्तर लिहिते. पुढच्या सीटवर बसले, स्वतःहून. मान सरळ ठेवली. समोर सगळाच्या सगळा रस्ता. एवढा रस्ता असतो याची मला कल्पना नव्हती. क्लच सोडला. गाडी निघाली. पुढून एक कावळा चालत गेला. घाई करून नाही, चालत. मी त्याला पुढे जाऊ दिलं.

पहिलं वळण झालं. मग कडेच्या मचाणावरचा माणूस लाल झेंडा हलवायला लागला. एवढं कौतुक होईल असं वाटलं नव्हतं. मीही हात हलवला. तो आणखी जोरात हलवायला लागला. मीही. हँडलवरचा हात सुटल्यामुळे गाडी बंद पडली.

लाल झेंडा म्हणजे थांबा, हे काल शिकवलं होतं म्हणे. काल माझ्या कानात अजून टॉवेलचे धागे होते. वेळ संपली होती, पुढच्या गटाला ट्रॅक द्यायचा होता, मी मध्ये.

कोच दुसऱ्या गाडीवरून आली. मागे बसा म्हणाली. मी बसले. तिने ट्रॅकवरूनच मला परत नेलं, आणि या वेळी आम्ही हळू गेलो नाही. वळणावर ती कलली, मीही कलले. ती सरळ झाली, मीही. ब्रेक लागला तरी माझं हेल्मेट तिच्या हेल्मेटला आपटलं नाही. आपटत नसतंच माझं. तंबूपाशी उतरल्यावर कोचने हेल्मेट काढलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं, मागे बसणारं इतकं उत्तम माणूस मी आजवर पाहिलेलं नाही, मागे कोणी आहे हेच कळलं नाही.

टाळ्या. दोन दिवसांतल्या माझ्यासाठीच्या पहिल्या.

यानंतर वन्सं तीच मोठी गाडी घेऊन गेल्या. किती फेऱ्या मारल्या ते मी मोजलं नाही. लांबून, ते हेल्मेट घालून, पाठ अशी किंचित वाकवून येताना.

धूळ होतीच.

उद्या साहेब येणार. मी तयार आहे. एक वळण येतं, आणि बिल्डिंगला चारच आहेत.

१७ फेब्रुवारी, सोमवार

रजा टाकली. सकाळीच भाऊजी साहेबांना घेऊन आले. साहेब सभ्य गृहस्थ. बूट चकचकीत. गाडीभोवती फिरले, वाकून बघितलं, किती छान ठेवलीय म्हणाले. मी म्हटलं, विकायची नाही. भाऊजी साहेबांना म्हणाले, आपण जरा चालू करून बघू.

चालू झाली नाही. हॉर्नसुद्धा वाजला नाही. बॅटरी केव्हाच मेली होती. पुसून बॅटरी चार्ज होत नाही हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

भाऊजी माझ्याकडे असे बघायला लागले की जणू निकाल लागला. साहेब मात्र म्हणाले, एवढंच ना, आम्ही बघून घेऊ. टेम्पो कधी पाठवू?

तेवढ्यात वन्संची कार आली. कारमध्ये कोपऱ्यावरचा मेकॅनिक आणि नवीन बॅटरी. वन्संच्या डोक्यावर ह्यांचं हेल्मेट. कार चालवताना हेल्मेट का घातलं म्हणून भाऊजींनी विचारलं. राहिलंय कालपासून, म्हणाल्या.

मेकॅनिकने बॅटरी बसवली. पहिल्यांदा नुसता खोकला. दुसऱ्यांदा लागली.

तो आवाज. वर्षभराने. जिन्यातल्या खिडक्या उघडल्या. वरच्या मजल्यावरच्या आजी गॅलरीत आल्या. भाऊजी जरा वेळ दुसरीकडे बघत राहिले. त्यांचा तो दादाच होता.

मग वळून म्हणाले, "वहिनी, मान्य, तुमचा जीव आहे गाडीवर. पण चालवणार कोण?"

शब्दांनी सांगून काय उपयोग. मी माझं जुनं हेल्मेट घातलं, पट्टा लावला, ताठ मानेने गेले आणि गाडीवर बसले.

मागे बसले.

हे पायांना त्यांच्या नेहमीच्या जागा सापडल्यावर लक्षात आलं. समोर रिकामी सीट, रिकामं हँडल, गाडी धडधडतेय. भाऊजी बघतायत. साहेब बघतायत. मेकॅनिक पान्याकडे बघतोय. आता पुढे सरकलं तर फार वाईट दिसणार, उतरलं तर गाडी गेली.

वन्संनी माझ्याकडे बघितलं. मग पर्स भाऊजींच्या हातात दिली, पदर खोचला आणि पुढे येऊन बसल्या.

जाऊन येतो आम्ही, असं मी साहेबांना सांगितलं. माणसाने रीत सोडू नये.

बिल्डिंगची चार वळणं संपली तरी वन्सं थांबल्या नाहीत. फाटकातून बाहेर पडलो. भाऊजी पर्स घेऊन उभे होते ते मी वळून बघितलं. मोठ्या रस्त्याला लागल्यावर वन्संनी वेग वाढवला. बराच वाढवला. मी डावीकडून वाकून बघितलं, पुढे उतार. माझ्या हाताने आपोआप त्यांच्या खांद्यावर दोनदा थोपटलं.

वेग कमी झाला.

काय झालं वहिनी, असं वन्संनी मागे न बघता विचारलं. काही नाही म्हटलं. ह्यांच्या जॅकेटच्या खिशातली गोळी लागली नाही.

परत आलो तेव्हा साहेब गेलेले होते. भाऊजी पायरीवर पर्स मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी विचारलं, मग ठरलं काय? मी सांगितलं, गाडी मी चालवणार आहे म्हटलं होतं, चालवते आहे. तूर्त हँडल वन्संकडे दिलंय. त्यांचा हात अजून पुरता बसलेला नाही. मागे मी असल्याशिवाय त्यांना जमायचं नाही.