दोन्ही टोकांना बांधलेली जाळी

मंगळवार, नाशिक

सटाण्याजवळच्या कांद्याच्या खळ्यावरून आत्ताच परतले. वजनकाट्यापासून कार्यालयाच्या इमारतीपर्यंत मीच आखून दिलेली केबल आहे, आणि गोदामातले पंखे सुरू झाले की कार्यालयातल्या पडद्यावरचा वजनाचा आकडा उड्या मारतो. शेतकरी काटेवाल्या दगडूभाऊंना चोर म्हणू लागले आहेत. मालक उद्या त्यांना काढणार. खरे सांगायचे तर माझाही संशय त्यांच्यावरच होता.

“ताई, मना हात खोटा नही शे. तुमनी तार देखा,” दगडूभाऊ त्यांच्या अहिराणीत म्हणाले.

माझी तार? राग आला, तरी मोजले. काट्याकडच्या आणि कार्यालयाच्या अर्थिंगमध्ये नऊ व्होल्टांचा फरक. नऊ! आणि केबलमधल्या तारांभोवतीची संरक्षक धातूची जाळी दोन्ही टोकांना अर्थिंगला बांधलेली. म्हणजे तो फरक जाळीतूनच वाहणार आणि आकडा बिघडवणार. ‘दोन्हीकडे बांधा’ हे नकाशावर माझ्याच अक्षरात आहे.

जाळीचे कार्यालयाकडचे टोक सोडले. पंखे चालू असतानाही आकडा हलला नाही.

“आते मालकले कोन सांगी?” दगडूभाऊंनी विचारले. मी ‘बघू’ म्हणत नकाशा गुंडाळला, याची आता लाज वाटते.

नऊ व्होल्टांचे मूळ नंतर शोधीनच. उद्या पहिली गाडी काट्यावर चढण्यापूर्वी, सगळ्या शेतकऱ्यांसमोर नकाशा उघडून मालकांना मीच सांगणार: हे अक्षर माझे आहे.