डोक्यावर तीन स्लॅब

२८ जून १९७९, गुरुवार

पेपरात पुन्हा स्कायलॅब. अमेरिकेनं आकाशात सोडलेली सत्त्याहत्तर टनांची प्रयोगशाळा आता खाली येते आहे, आणि ती कुठे पडेल हे सोडणाऱ्यांनाच सांगता येत नाही. माझ्या वर्गात खडू फेकणाऱ्या मुलीला तो कुठे पडला हे ठाऊक असे आणि उचलावाही तिलाच लागे. साधी शिस्त.

बायजाबाई भ्याली आहे. बावीस वर्षं माझ्याकडे काम करते, मागच्या खोलीत राहते, पण माझं वळण काही घेतलं नाही. भांडी घासताना म्हणाली, मले लय भेव लागून राहिलं बाई, आपल्याच घरावर पडलं तं. मी सांगितलं, तेहतीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बाईच्या घरात असलं बोलायचं नाही. पृथ्वीवर सत्तर टक्के पाणी आहे.

आमच्या कॉन्व्हेंटात मदर बर्नाडेट म्हणायच्या, भीती वाटणं हे पाप नाही, ती दिसणं हे वाईट वळण आहे.

संकल्प: या विषयावर आता काही वाचायचं नाही.

३० जून, शनिवार

वाचलं. यमुताई कुंपणावरून पेपर पुढे करतात, नाही म्हणणं शेजारधर्माला सोडून होतं.

कपाटावरचा पृथ्वीगोल काढला, धूळ पुसली, दोरा लावून पाहिला. नागपूर बरोबर तिच्या फिरण्याच्या पट्ट्यात येतं. आयुष्यभर मुलींना झिरो माइलच्या दगडापाशी नेऊन अभिमानानं सांगितलं की देशाचा मध्यबिंदू आपल्या गावात आहे. आता वाटतं, ही गोष्ट इतकी मिरवायला नको होती.

१ जुलै, रविवार, पहाटे पाच

झोप नाही. उकाडा.

पलंगावर पडून वर पाहत होते. छपराचे वासे, कामट्या, कवेलू. वर माकडानं उडी मारली तर तीन कवेलू फुटतात. सत्त्याहत्तर टन म्हणजे किती माकडं, हा हिशोब मी केला नाही. सुरू केला होता, सोडून दिला.

त्याच दिवशी, दुपारी

निर्णय घेतला. घराचे कवेलू फेरायला झाले आहेत, उतरवून पुन्हा नीट बसवायला. काम चालू असताना धुळीत राहणं माझ्या छातीला सोसणार नाही. म्हणून चार दिवस गावात, मध्यवस्तीत, चांगल्या हॉटेलात राहायचं. स्कायलॅबचा याच्याशी संबंध नाही. तारखा योगायोगानं जुळतात, दहा ते तेरा.

३ जुलै, मंगळवार

हॉटेलं पाहिली. एका प्रौढ स्त्रीनं आपल्याच गावात हॉटेल शोधायला निघावं यात लोकांना एवढं काय वाटतं कळत नाही. सायकलरिक्षावाला तीनदा म्हणाला, बाई, पाहुणे कुठे हायेत.

स्टेशनसमोरचं लॉज. तीन मजले, पण सगळ्यात वरचा टिनाचा. विचारलं तर म्हणाले, टिनात उन्हाळ्यात त्रास होतो, आता काय. यांना कशाची कल्पनाच नाही.

महालातलं, म्हणजे जुन्या वस्तीतलं. गल्ली इतकी अरुंद की रिक्षा उलटी फिरवता येईना. आत लाकडी माडी, मातीच्या भिंती, जिना दोर धरून चढायचा. मालक म्हणाले, भोसल्यांच्या काळातली इमारत आहे, दीडशे वर्षांत खिळा हलला नाही. मी म्हटलं, दीडशे वर्षांत वरून काय पडलं होतं?

तिसरं स्वच्छ, सिमेंट काँक्रीटचं, मॅनेजर इंग्रजी बोलणारा. खोलीही पसंत होती. पडदा सारला, तर समोर झिरो माइलचा खांब. नाकारलं. वाहतुकीचा आवाज फार.

५ जुलै, गुरुवार

मिळालं. सीताबर्डीवर, किल्ल्यासमोर, हॉटेल चंद्रविलास. तळमजला आणि वर तीन मजले. म्हणजे तळमजल्याच्या डोक्यावर तीन स्लॅब आणि चौथी गच्ची. मॅनेजर भैय्याजी भला माणूस वाटला, पण बोलका. वरची खोली घ्या म्हणत होता, हवा येते, किल्ला दिसतो. मी तळमजल्याची, मधली, खिडकी नसलेली मागितली. तो म्हणाला, ती आम्ही कोणाले देतच नाही बाई, तिथे कांद्याची पोती राहतात. मी स्लॅबची जाडी विचारली. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मग रजिस्टर पुढे केलं.

कुठून आलात: धंतोली. कुठे जाणार: धंतोली. प्रयोजन: ऐतिहासिक स्थळांचं निरीक्षण. यात खोटं काही नाही. अठराशे सतराची लढाई किल्ल्याच्याच टेकडीवर झाली.

एकट्या बाईला खोली देण्याची त्यांची पद्धत नाही म्हणाला. मग नाव वाचून उभाच राहिला. त्याची बायको सुमती माझी विद्यार्थिनी. मला ती आठवते. सहावीत तिनं नर्मदा बंगालच्या उपसागरात सोडली होती. तरी खोली दिली, म्हणजे संस्कार लागले म्हणायचे.

घर ते हॉटेल अंतर: पाऊण मैल. माझ्या मते पुरेसं.

७ जुलै, शनिवार

यमुताईंचा स्वभाव मला कधीच आवडला नाही. कुंपणावर कोपर टेकून म्हणाल्या, काहून वं शामला, पावसाळ्यात कवेलू फेरून राहिली का? सगळं गाव वैशाखात फेरते. मी सांगितलं, सगळं गाव करतं म्हणून करणाऱ्यांतली मी नाही. त्या म्हणाल्या, मग तो कवेलू फेरणारा देवाजी कुठे आहे, अजून शिडीसुद्धा नाही दिसली. आणि हसल्या. त्यांचं हसणं शेवटपर्यंत हसून झाल्यावर थांबतं.

माणसाच्या शब्दाला किंमत असते. देवाजीला निरोप पाठवला.

बायजाबाईनं विचारलं, मी बी येऊ का संगं, त्या हाटेलात. मी म्हटलं, घर उघडं टाकून? परातीत पीठ होतं, ते मळत राहिली. फार वेळ मळत राहिली.

९ जुलै, सोमवार

देवाजी येऊन गेला. आधी हात लावायला तयार नव्हता. म्हणाला, बाई, आखाडात कोणी कवेलूले हात नाही लावत, वरून पाणी चालू आहे. मी म्हटलं, तू काढ, मी जबाबदार. यमुताई पाहत होत्या म्हणून जरा मोठ्यानं म्हटलं.

माझ्या झोपायच्या खोलीवरचे सगळे कवेलू उतरवले. अंगणात ढीग. कामट्या कुजल्या आहेत म्हणाला, नव्या आणाव्या लागतील. वर ताडपत्री बांधून दिली आणि बायजाबाईला समजावलं की पाणी साचून पोट आलं की खालून बांबूनं ढकलून ओतून टाकायचं, दर दोन तासांनी, नाहीतर सगळं खाली येईल. मग पेरणीला काटोलकडे गावी गेला. कधी येशील विचारलं तर म्हणाला, आता पेरणी हाये बाई.

पलंगावर पडून वर पाहिलं. कवेलू होते तेव्हा निदान कवेलू होते.

१० जुलै, मंगळवार, संध्याकाळी

हॉटेलात आले. होल्डॉल, ट्रान्झिस्टर, टॉर्च, बिस्किटं. निघताना बायजाबाई फाटकाशी उभी होती, हातात बांबू. मी सांगितलं, भिऊ नको. ती म्हणाली, तुमी नका भिऊ बाई. उद्धटपणाच, पण या वयात तिला काय बोलायचं.

खोली उत्तम. खिडकी नाही, त्यामुळे धूळ नाही. कांद्याचा वास आरोग्याला चांगला असतो. पलीकडे स्वयंपाकघराची भट्टी, त्यामुळे एक भिंत गरम. वरच्या मजल्यावर कोणी पलंग ओढला तेव्हा मी टेबलाखाली होते. केसातला आकडा पडला होता.

आकडा सापडला नाही. बहुतेक लावलाच नव्हता.

११ जुलै, बुधवार, सकाळी दहा

रेडिओवर सांगितलं, आज. तास सांगत नाहीत. रस्त्यावर सगळं नेहमीसारखं चालू आहे, पेरूवाला ओरडतो आहे. या देशात गांभीर्य म्हणून नाही.

संकल्प: शांतपणे वाचत पडायचं.

दुपारी तीन

एकच पान चार वेळा वाचलं. लक्षात आलं की गरम पाण्याची पिशवी घरी राहिली. जुलैत ती लागत नाही, पण आपली वस्तू जवळ असावी. रिक्षावाल्याबरोबर निरोप धाडला, बायजाबाईनं स्वतः घेऊन यावी, दुसऱ्या कोणाच्या हाती देऊ नये.

संध्याकाळी सहा

बायजाबाई आली. मागच्या दारानं निघाली, कारण समोरून यमुताई विचारत बसतात. पिशवी आणली, भाकरी आणि झुणका आणला. खोली पाहून म्हणाली, बाई, हे तं कांद्याचं कोठार आहे. मग म्हणाली, जाऊ का आता, ताडपत्रीत पाणी भरन. मी दारात जाऊन आकाश पाहिलं. ढग होते, पण भूगोलाच्या दृष्टीनं तसे पावसाचे नव्हते. म्हटलं, थांब, रिक्षा मिळायची नाही. रस्त्यावर सहा रिक्षा उभ्या होत्या.

भैय्याजी म्हणाले, खोली एकीच्या नावावर आहे, कामवाली व्हरांड्यात झोपेल. व्हरांड्यावर एकही स्लॅब नाही, नुसतं ॲस्बेस्टॉसचं छप्पर. रजिस्टर मागितलं आणि दुसऱ्या ओळीत बायजाबाईचं नाव लिहिलं. नात्याच्या रकान्यात लिहिलं, बहीण.

भैय्याजींनी वाचलं. माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. म्हणाले, हो, दिसते थोडं तोंडावरून.

बायजाबाईला वाचता येत नाही. काय लिहिलं बाई, म्हणून विचारलं. मी सांगितलं, वय.

१२ जुलै, गुरुवार, सकाळी सहा

रात्र शांत गेली. बायजाबाई खाली सतरंजीवर झोपली. तिला भीती वाटू नये म्हणून मी तिचा हात धरून ठेवला. ती घोरत होती.

साडेदहाच्या सुमाराला दारावर कोणी धडाधड ठोकलं. अशा वेळी घाईनं दार उघडणं शहाणपणाचं नसतं. टेबलाखालूनच विचारलं, कोण. भैय्याजी होते. बाहेरून म्हणाले, बाई, तुमी दोघी आत आहा ना? मी म्हटलं, आहोत. ते म्हणाले, मग काही नाही, झोपा, सकाळी सांगतो.

आठ वाजता

रेडिओनं सांगितलं, स्कायलॅब हिंदी महासागरात पडली, काही तुकडे ऑस्ट्रेलियात. ऑस्ट्रेलियात लोकवस्ती विरळ आहे, हे मी मुलींना नेहमी सांगत असे. मला पहिल्यापासून खात्री होती.

बाहेर येऊन पाहते तर रस्ता नदीसारखा. रात्रभर कोसळत होता म्हणे. खिडकी नसल्यामुळे ऐकूच आला नाही.

बायजाबाईनं रस्त्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, बाई, ताडपत्री.

दुपारी

लिहावंसं वाटत नाही, पण नोंद हवी.

रात्री दहाच्या पुढे ताडपत्रीत साचलेलं पाणी राहिलेले वासे घेऊन खाली आलं, पितळी भांड्यांच्या मांडणीवर. घागरी, हंडे, परात, सगळं एकदम. आवाज लोकमत चौकापर्यंत गेला असं यमुताई म्हणतात, पण त्यांना वाढवून सांगायची सवय आहे. सगळी गल्ली बाहेर आली. कोणीतरी ओरडलं, पाठराबे बाईंच्या घरावर स्कायलॅब पडलं. मी हॉटेलात आहे हे सर्वांना ठाऊक होतं. बायजाबाई घरात नाही, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

भर पावसात कंदील घेऊन दहा-बारा जणांनी हातांनी वासे उपसले. तिला हाका मारत होते. यमुताईंचे यजमान दत्तोपंत, वय एकाहत्तर, चिखलात गुडघ्यावर बसून हंडे बाजूला करत होते. मग कोणीतरी सायकलवर हॉटेलात मला कळवायला आलं, आणि भैय्याजींनी रजिस्टर पाहून सांगितलं की दोघी बहिणी आत झोपल्या आहेत.

यमुताई हे सांगताना हसल्या नाहीत. त्यांचे डोळे सुजलेले होते. बायजाबाईच्या गालाला हात लावून म्हणाल्या, मले वाटलं गेली वं तू. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मी कवेलूंबद्दल काहीतरी बोलायला लागले. दत्तोपंतांच्या दोन्ही हातांना चिंध्या बांधल्या होत्या. मी बोलणं थांबवलं.

पलंग, गादी, नकाशे, तेहतीस वर्षांच्या वह्या, सगळा लगदा. पृथ्वीगोलाचा दक्षिण गोलार्ध सुटून आला आहे.

१४ जुलै, शनिवार

देवाजीचा निरोप. पोळ्यानंतर येतो.

सुमती भेटायला आली, भैय्याजींची. गल्लीभर सांगून झालं आहे की बाईंनी स्लॅबची जाडी विचारली होती. मी तिला म्हटलं, नर्मदा अरबी समुद्राला मिळते. ती म्हणाली, हो बाई, आता पाठ आहे.

वृत्तपत्राच्या संपादकांना पत्र लिहायला घेतलं, आकाशात वस्तू सोडणाऱ्यांच्या बेजबाबदारपणाबद्दल. पहिल्या ओळीनंतर पुढे गेलं नाही. अशा पत्राखाली सही माझी यायची, हे लक्षात आलं.

सध्या मुक्काम बायजाबाईच्या खोलीत. खाट तिनं मला दिली आहे. भिंतीवर डोळे मिटलेल्या बुद्धाची तसबीर. खोली कोरडी ठणठणीत आहे. वरचे कवेलू तिनं वैशाखात शिडी लावून स्वतः फेरले होते. मला तेव्हा विचारलं होतं, तुमचेबी फेरू का. मी म्हटलं होतं, घाई काय आहे.

रजिस्टरात काय लिहिलं ते तिला कोणीतरी सांगितलं असावं. तिनं विचारलं नाही. चहा मात्र आज दोन कप एकाच ताटलीत आणला आणि माझ्यासमोर बसून प्याली.

दिवा मालवताना म्हणाली, बाई, हात धरू का, मले लय भेव लागते.

आता भ्यायला काय उरलं आहे, असं मी विचारलं नाही. बावीस वर्षांत ती माझ्याशी पहिल्यांदा खोटं बोलली. मी हात पुढे केला.