शेवटच्या भागात करंट गेला

६ ऑक्टोबर
नागेशच्या ट्रकवर क्लीनरची जागा मिळाली! शुक्रवारी सुरत. तिथून पुढं कुठं, कोण जाणे — वर्षभर तरी भीमपूरला परत येणार नाही. तुळजाआत्याला सांगितलं. वांगी तोडत राहिली.

जायच्या आधी एकच काम. 'सात चंद्रांची राणी'चा शेवट! टीव्हीवरची हिंदी मालिका, माझ्या जन्माआधीची. लहानपणी वांगी तोडता तोडता आत्यानं अख्खी सांगितली — लोखंडी बकरी, चंद्रावर पेरलेली कपाशी, सगळं. फक्त शेवटचा भाग नाही. विचारलं की म्हणते, "त्या दिवशी करंट गेल्ता." पंधरा वर्षं तेच!

७ ऑक्टोबर
मोबाईल दुकानातल्या हर्षदीपनं मालिकेची सुरुवात तेवढी शोधून दिली, शेवटचा भाग कुठंच नाही. लेखकाचं नाव आलं आणि तो ओरडलाच — "अबे, हे त आमच्या वांकिडीचे केशवराव गुरुजी!"
उद्याच जातो.

८ ऑक्टोबर
नाही पोचलो. आसिफाबादला सीताफळं खायला उतरलो. तिथं एकजण हातावर नारळ धरून शेतात पाणी शोधत होता. त्याच्या मागं-मागं दिवस गेला. पाणी लागलं का, तेही बघितलं नाही.

९ ऑक्टोबर
वांकिडी. गुरुजी अंगणात सोयाबीन वाळवत होते. तरुणपणी मुंबईला राहून मालिका लिहिली, मग गावात येऊन मास्तर झाले. ट्रंकेतून वही काढली. म्हटलं, लोखंडी बकरीचं पान दाखवा.
"कोणती बकरी?"
बरं, चंद्रावरची कपाशी?
"बाबू, माह्या चंद्रावर पाणीच नाही. कपाशी कशी पेरीन?"
आणि राणी — राणी तर वहीत तिसऱ्याच भागात मेलेली!
मग मीच आत्याची गोष्ट सांगत बसलो. दोन तास. गुरुजींचा चहा गार. मधूनच म्हणतात, "मंग? मंग काय झालं?" लेखक मलाच विचारतो!
शेवटी वही मिटली. "माह्याहून चांगली हाये. लिवली कोणं?"

१० ऑक्टोबर
आत्याला धरलं. पदर तोंडाला लावून हसतच सुटली.
"तवा आपल्या घरी टीव्ही होता काय रे? वामनराव दुकानदाराच्या भिंतीमांगं बसून आयकलं आमी. चित्र नाही दिसे. हिंदी बी आर्धीच समजे. बाकीचं मी माह्या मनानं लावून घेतलं."
मग शेवटही लाव ना!
"लावला. कवाचा."
मग सांगत काऊन नाही?
"सांगतला असता त तू घरी आला असता काय?"
टोपलीभर वांगी तोडली. कोवळीसुद्धा तोडली — त्यावरून शिव्या खाल्ल्या.

११ ऑक्टोबर
ट्रक फाट्यावर उभा. आत्यानं भाकरीचं गाठोडं दिलं, म्हणाली, "बस घडीभर. शेवट सांगतो तुले."
मी तिच्या तोंडावर हात ठेवला. म्हटलं — आता नको. दिवाळीला सांग.