तीस सप्टेंबरची सिंधु

१४ जून २०१०, सोमवार. लातूर

पोचले एकदाची. नांदेडहून एसटीत खिडकीची जागा मिळाली आणि खांद्यावर झोपणारं शेजारी कुणी नव्हतं, म्हणजे सुरुवात शुभच म्हणायची. आई बस सुटेपर्यंत एकच सांगत होती, लुंबिनी, नोकरीच्या जागी हुशारी दाखवू नको, काम दाखव. मी हो हो केलं. दोन्हींत फरक काय, ते मला अजून कळलेलं नाही.

क्लास झकास आहे. खाली डाळीचं दुकान, वर तीन मजले मेडिकल-इंजिनिअरिंगची तयारी. सगळं लातूर सध्या डॉक्टर व्हायच्या मागे लागलंय. रिक्षावाल्यानंसुद्धा मला कुठली बॅच म्हणून विचारलं. मी कॉम्प्युटर ऑपरेटर आहे म्हटल्यावर बिचारा हिरमुसला. काउंटरवर कहकशां आपा असते, तिच्याच घरातली वरची खोली मला मिळाली आहे. नांदेडला नळ उघडला की गोदावरी, इथं नळ उघडला की नुसता आवाज, असं तिला म्हटलं तर ती म्हणाली, एवढं पाणी लागतंय तर आलीस कशाला इकडं. आमचं जमणार.

१६ जून

काम म्हणजे एक्सेलची भली मोठी शीट. मुलांची नावं, गावं, जन्मतारखा. याच यादीवरून पुढे प्रवेशपरीक्षेचे फॉर्म भरायचे, म्हणून तारीख दाखल्याशी जुळलीच पाहिजे; नाही जुळली तर पोर परीक्षेला मुकतं. माझ्याआधीच्या माणसानं तारखा मनाला येतील तशा टाकल्यात. काही खऱ्या तारखा आहेत, त्या चौकटीत उजवीकडे टेकून बसतात. काही दिसायला तारखा, पण एक्सेलच्या लेखी नुसती अक्षरं, त्या डावीकडे. शेजारच्या कॉलममध्ये मी इफ आणि इजनंबरचं सूत्र लिहून खालपर्यंत ओढलं. खरी तारीख असेल तर ‘ठीक’, नसेल तर ‘तपासा’. वीरभद्र सर, म्हणजे क्लासचे मालक, मागे उभे राहून बघत होते. मी उगाच जरा जोरात बटणं दाबली.

गंमत अशी की निम्मी पोरं एक जूनला जन्मलेली. आपा हसायला लागली. खेड्यात तारीख कोण ध्यानात ठेवतंय. पोराला शाळेत घालायला नेलं की गुरुजी वय बसेल असं साल धरतात आणि एक जून टाकून मोकळे होतात. माझे बाबाही एक जूनचेच. तो वाढदिवस आमच्याकडे कुणी करत नाही, कारण तो त्यांचा नाही हे सगळ्यांना माहीत आहे.

१९ जून, शनिवार

सगळा कॉलम ‘ठीक’ झाला, एक ओळ सोडून. सिंधु, भूकंपानंतर नव्या जागी वसवलेल्या गावातली. तारीख तीस सप्टेंबर त्र्याण्णव. भूकंपाचाच दिवस, म्हणून मला वाटलं कुणाची तरी चूक असणार. तिला बोलावलं. दोन घट्ट वेण्या, बोटाला शाई. तिचे वडील शेषेराव दर शनिवारी भाकरीचा डबा घेऊन एसटीनं येतात, तेही सोबत आले.

चूक नव्हती. त्या पहाटे घर पडलं, दोन मुलं आत राहिली, आणि उजाडता उजाडता बाहेर शेतात ही जन्मली. शाळेत गुरुजी नेहमीसारखा एक जून टाकायला लागले तेव्हा शेषेरावांनी त्यांचा हात धरला. मला म्हणाले, “त्या दिशी समदं गेलं आन् ही एवढी एकच आली. तिची तारीख तेवढी ऱ्हाऊ द्या म्हनलं.” सिंधु खाली बघून हसत होती, तिनं हे फार वेळा ऐकलेलं दिसत होतं. मी म्हटलं, काका, काळजी करू नका, राहील.

२१ जून

सरांकडे बाहेरगावचे पालक आले होते आणि सरांना ही शीट त्यांना दाखवायची होती. मी सिंधूची तारीख पुसून पुन्हा टाइप केली. डावीकडे. पुन्हा केली. डावीकडे. सगळे माझ्या मागे उभे. सर म्हणाले, एक राहिलं वाटतं. माझे कान गरम झाले. मी वरच्या ओळीतली तारीख कॉपी केली आणि तिच्या चौकटीत पेस्ट केली. वरचा मुलगा एक जूनचा. ‘ठीक’ आलं.

नांदेडची पोरगी कामाची आहे, असं सर सगळ्यांसमोर म्हणाले. चहानंतर बदलू म्हटलं. चहानंतर सर अजून कौतुक करत होते, मग राहूनच गेलं.

घरी आल्यावर लक्षात आलं. त्या चौकटीचं फॉरमॅट टेक्स्ट होतं. ते बदलून तारीख पुन्हा टाकली असती तर झालं असतं. मला येतं ते. उद्या सकाळी पहिलं तेच करते.

२३ जून

काल सरांनी दिवसभर फीच्या पावत्यांना बसवलं. आज शीट उघडली. फॉरमॅट तपासलं, तीस सप्टेंबर टाकलं, एंटर दाबलं. चौकटीत एक जून. पुन्हा टाकलं. एक जून.

सिंधु आली नव्हती. आपाला विचारलं तर म्हणाली, कोण सिंधु. मला वाटलं चेष्टा करतेय. वर्गात जाऊन पाहिलं. तिच्या बाकावर मुली ऐसपैस बसल्या होत्या, मध्ये कुणाची जागा म्हणून नाही. हजेरीत तिचं नाव नाही. माझ्या शीटमध्ये मात्र आहे, पुढे ‘ठीक’.

तिच्या खालच्या मुलाची तारीख परवा अकरा मार्च होती. आज एक जून आहे.

२६ जून, शनिवार

शेषेराव आले. हातात डबा. काउंटरपाशी बराच वेळ उभे राहिले. मग आपाला म्हणाले, ही भाकरी कुणासाठी आणली तेच आठवंना, पायांनी आपोआप इथं आणलं. आपानं त्यांना पाणी दिलं. मी मागे बसले होते. सर माझ्या शेजारीच होते. मी बोलले असते तर तारीख कुणी बदलली हे सरांनी विचारलं असतं.

शेषेरावांनी माझ्याकडे पाहिलं. “ताई, माझं कुनी हाय का हो हितं?”

मी नाही म्हटलं.

सरांसमोर कामाची पोरगी राहावी म्हणून नाही म्हटलं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती आणि तरीही मी मान खाली घालून सूत्र ओढत बसले.

१ जुलै

रोज एक जून खाली उतरतो. जी मुलं पहिल्यापासून एक जूनची, ती सुखरूप आहेत. बाकीची एकेक करून — वर्ग विरळ झालाय. सर म्हणतात यंदा बॅच कमीच भरली.

काल तपासणीचा कॉलमच उडवला. आज सकाळी परत होता. सगळं ‘ठीक’.

यादीच्या तळाशी कर्मचारी आहेत. सुरुवात माझ्या नावापासून.

३ जुलै, शनिवार

शेषेराव आले, रिकाम्या हातानं. त्यांना जिन्यात गाठलं. सांगायचं ठरवूनच गेले होते. भूकंपाचं विचारलं. समदं गेलं म्हणाले. त्या दिवशी कुणी आलं का, जन्मलं का —

“न्हाई ताई. त्या दिशी कुनी आलं न्हाई. निस्तं गेलंच.”

शांतपणे म्हणाले. त्यांच्याकडे त्या दिवसातलं एवढंच उरलं होतं, तेही मी — पाणी आणते म्हणून आत गेले आणि परत बाहेर आलेच नाही.

८ जुलै

माझ्या नावापुढे एक जून. मी नोव्हेंबरची आहे.

आईला फोन लावला. राँग नंबर म्हणाली. तिचाच आवाज. मी पुन्हा लावला, आई म्हटलं — कंटाळून ठेवला तिनं.

आपानं दारात अडवलं. कुणाकडे आलात म्हणून विचारलं. अहो-जाहो करत.

१० जुलै, शनिवार

क्लासमध्ये बसलेय. सर शेजारून गेले — नजर अडलीच नाही माझ्यावर. आता कुणापासून लपवायचं? कुणासमोर शहाणं दिसायचं? तरी भीती वाटते. शेषेरावांच्या तोंडाकडे बघायची.

जिन्यात पावलं. शेषेराव. का येतात ते त्यांनाही माहीत नाही —

सांगितलं तर एक पोर पुन्हा गमावतील. नाही सांगितलं तर ती कधी नव्हतीच. सांगायचंच.

तोंडातून आवाज फुटत नाही. लिहिते. वही पुढे करते. दारात उभे आहेत, माझ्या खुर्चीकडे बघताहेत, रिकाम्या खुर्चीकडे बघावं तसं —

शेषेराव काका, तुम्हाला एक मुलगी होती. सिंधु. तिची तारीख मी —