सिंधुवहिनीची लातुरात झालेली माती

चि. ऋतुजा, हल्ली मुक्काम सिनेमाचा पडदा, हिला निलंग्याहून महादेवी आत्याचे पोटभर आशीर्वाद. माझे गुडघे सोडले तर इकडे सर्व क्षेम. उत्तम अभिनेत्रीचं बक्षीस घेतानाचा तुझा फोटो पेपरात पाहिला. वाळलीस गं, जेवत जा.

तर तुझ्या सिनेमाला आम्ही बाया जीप करून लातूरला गेलो आणि तुझ्या आईला, आमच्या सिंधुवहिनीलाही नेलं. (होय, तिलाच. डॉक्टरकीचा क्लास सोडून तू नाटकवाल्यांच्या गाडीत बसलीस, तेव्हापासून जिच्या तोंडून तुझं नाव निघालं नव्हतं.) 'नुसती बसते, बघणार न्हाई,' या अटीवर ती आली आणि तोंडावर पदर ओढून बसली. सगळं सुरळीत चाललं होतं. पण सिनेमातली तुझी आई वारली आणि तू एकटीच रडायला लागलीस. आता तूच सांग, आपल्याकडं मातीला (तुमच्या मुंबईत अंत्यविधी म्हणतात) लेकीला एकटीला रडू देतात का? आमच्यातल्या गंगम्मानं पहिला हुंदका दिला, मग आम्ही सगळ्यांनी सूर धरला. एवढ्यात तुझी आई पदर फेकून उभी राहिली आणि पडद्याकडं बघून ओरडली, 'ऋतू, आगं मी जित्ती हाय की! कुणासाठी रडायलीस?' थेटरवाला दिवे लावून पाण्याच्या बाटल्या घेऊन धावला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, ऋतू! मी शिट्टी मारायची तेवढी राहिले.

त्याच गोंधळात गंगम्माच्या नवऱ्याचा, विरूपाक्षभावजींचा, फोन आला. मागं रडारड, आणि ही हुंदके देत सांगते, 'ऋतुजाची आई गेली वो!' (सिनेमातली, हे सांगायचं राहूनच गेलं.) भावजींनी लगेच सगळीकडं कळवलं, आणि सिनेमा संपवून आम्ही परतलो तर वहिनीच्या दारात उदगीरचे पाहुणे माना खाली घालून बसलेले. मातीच्या घरी चूल पेटत नाही म्हणून पिठलं-भाकरीही बांधून आणलेली. वहिनी जीपमधून उतरली तसे विरूपाक्षभावजी ओट्यावर मटकन बसले.

मला वाटलं, आता ही कडाडणार. पण तिनं तीच भाकरी सगळ्यांना वाढली, पहिला घास स्वतः खाल्ला आणि म्हणाली, 'बघितलं का माझ्या लेकीचं काम? उदगीरपातुर रडवलं तिनं!' तेव्हापासून दारात येईल त्याला हेच ऐकावं लागतं, दूधवाल्यालासुद्धा. तुला मुंबईत ढाल दिली असेल. इथं तुझ्या आईनं स्वतःच्या मातीची भाकरी हसत खाल्ली. मला लई आनंद झाला, पोरी.

तुझी,
महादेवी आत्या

ता. क. पहिला हुंदका गंगम्माचा नव्हता, पदराआडून आला होता. वहिनीनं हे लिहू नको म्हणून बजावलंय, तेव्हा तू हे वाचलं नाहीस असं समज.

आणखी एक ता. क. सिनेमात आई गेल्याचा निरोप मिळताच तू अनवाणी गावाकडं धावत सुटतेस. वहिनी सारखी विचारायलीय, 'जित्त्या आईकडं यायला तिला कसला निरोप लागतो?' तर बाई, हा घे निरोप.