मामाचा माइक

९ जून

मामा आज चुकला. किनाऱ्यावरच्या सीलच्या टोकाला त्याने माइकवरून हेरिंगचं टोक म्हटलं. एवढंच. फेरीला आलेल्या पाहुण्यांना काय कळणार — माना डोलावल्या, फोटो काढले. मी सुकाणूवर होते. मला लगेच कळलं.

मामा चुकत नाही. देवमासे काय, कुठलीही बोट दाखवते. आमच्या बोटीवर लोक येतात ते ऑरविलमामासाठी. कुठल्या खडकाचं आमच्या भाषेत नाव काय, कुठल्या वळणावर कोणाचं घर होतं, हे त्याच्या तोंडून ऐकायला. गावात आता अशी नावं सांगणारे राहिलेत किती!

थकला असेल. सकाळपासून वारा होता.

१० जून

आज सगळं बरोबर. मीच उगाच घाबरते.

१७ जून

एकाच फेरीत एकच गोष्ट दोनदा. त्याची आई लहानपणी होडीत झोपून गेली आणि देवमाशाच्या श्वासाने भिजून उठली, ती. पहिल्यांदा सगळे हसले. दुसऱ्यांदाही हसले, पण जरा जपून. एका बाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी समोर पाण्याकडे बघत राहिले.

मावशीचा रॉली डेकवर दोर गुंडाळत म्हणाला, "मामाचा डबल शो, तिकीट एकच." मीही हसले. घरी आल्यावर लक्षात आलं. रॉलीलाही कळलंय. कळलं नसतं तर विनोद केला नसता.

२१ जून

शेवटी एडिथमावशीला सांगितलं. ती धुरीवर वाळवायला सामन माशाच्या पट्ट्या कापत होती. म्हणाली, वय झालं की माणूस दोनदा सांगतो, तू दोनदा ऐकत जा. पण तिची सुरी थांबली होती.

मी म्हटलं, यंदा त्याला घरी बसवू का? बोटीवर काही झालं तर?

"त्याला माइकवरून उतरवू नकोस, वेस्टा. उतरवलंस त्या दिवशी माझा भाऊ म्हातारा होईल."

म्हणजे सगळं माझ्याच माथी.

२ जुलै

दवाखाना. नर्स गावातलीच. तिने विचारलं, महिना कोणता? मामा म्हणाला, "सामन नदीत वर चढतायत तो." ती हसली, मीही हसले, वाटलं, सुटलो. मग तिने घड्याळ काढायला सांगितलं. मामाने सुबक गोल काढला. आकडे सगळे एका बाजूला दाटीवाटीने. काटे काढलेच नाहीत. कागद तिच्याकडे सरकवून निवांत बसला.

जूनो शहरातले डॉक्टर पडद्यावरून हळू हळू बोलत होते. नंतर माझ्याशी वेगळं बोलले. विसरणं हळू वाढेल, म्हणाले, पण वाढेल.

 परतताना धक्क्यापाशी आल्यावर मामा म्हणाला, "कोणाला सांगू नकोस. हा उन्हाळा जाऊ दे."

म्हणजे त्याला माहीत आहे. कधीपासून?

५ जुलै

 प्रत्येक टोकाच्या आधी मी मनात नाव घोकते. मामा बरोबर बोलला की श्वास सोडते. देवमासे कुठे वर आले, कुठे गेले, लक्षच नाही. आज रॉलीने दोनदा हाक मारली — ताई, समोर बघ.

११ जुलै

डोळे मिटायला लागलेत. तरी लिहिते.

सकाळी धुकं असं की धक्क्यावरून आपलीच बोट दिसेना. पाहुणे जमलेले, मामा नाही. मावशीकडे विचारलं तर म्हणाली, थर्मास घेऊन केव्हाच गेला. रॉली धावत आला — मामाची होडी जागेवर नाही.

रेडिओवर सांगितलं. गावातल्या दोन-तीन बोटी निघाल्या. मी पाहुण्यांना सरळ सांगितलं, आमचे मामा धुक्यात एकटे गेलेत, मला शोधायला जायचंय, तुमची फेरी रद्द. काठीवाले एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "आम्हाला कान आहेत. ऐकायला उपयोगी पडतील." कोणी उतरलंच नाही. रॉली म्हणाला, ताई, दोर सोडतो.

अगदी हळू चाललो होतो. थोडं जायचं, भोंगा द्यायचा, इंजिन बंद करायचं, ऐकायचं. बोटीवर इतके लोक आणि कोणी खोकतसुद्धा नव्हतं. पाणी, पक्षी, परत पाणी. माझ्या डोक्यात नको ते येत होतं — उलटी होडी, तरंगणारा थर्मास. या पाण्यात पडलेला माणूस फार वेळ टिकत नाही. हे मीच पाहुण्यांना दर फेरीला सांगते.

मग देवमाशांचा श्वास ऐकू आला. एक, दुसरा, मग पुष्कळ. आणि त्यांच्या मधून — माणसाचा आवाज. रॉलीने हात वर केला.

मामा बोलत होता. आरडाओरडा नाही, मदतीची हाक नाही. फेरीवर बोलतो तसा, निवांत. सीलचं टोक. त्याच्यापुढे हेरिंगचं टोक. त्यापलीकडे आमच्या कुळाची मासे वाळवायची जागा, तिथे कोण राहायचं, कोणाची मुलगी कुठे दिली. काही दिसत नसताना एकेक नाव, क्रमाने. एकही चुकलं नाही. मी प्रत्येक नाव मनात ताडून बघत होते — एकही नाही!

धुकं जरा हललं आणि होडी दिसली. मामा उभा, पाठ आमच्याकडे. होडीत दुसरं कोणी नव्हतं. रिकाम्या बाकांना सांगत होता.

त्याच्या पलीकडे पाण्यावर, मासे घेरायला देवमासे सोडतात तसं, बुडबुड्यांचं कडं उमटलं. देवमासे जबडे उघडून एकदम वर आले, हेरिंग मासे चांदीसारखे उडाले. होडी पाळण्यासारखी हलली. मी ओरडणार होते. मामाने वळून बोट ओठांवर ठेवलं.

"जेवतायत ते. होऊ दे त्यांचं." मग मला म्हणाला, "उशीर केलास, वेस्टे. पाहुणे कधीचे आलेत."

त्याला बोटीवर घेताना रॉली रडत होता. काठीवाल्या गृहस्थांनी आपला कोट काढून मामाच्या खांद्यावर घातला. मामाने त्यांना विचारलं, कसे वाटले देवमासे?

१२ जुलै

रॉलीने मामाच्या होडीचं इंजिन काढून नेलं. दुरुस्तीला दिलंय म्हणून सांगितलं. मामाने ऐकून घेतलं. विश्वास ठेवला की मान ठेवला, कळलं नाही.

बोटीवर मात्र येतो. मावशी आता त्याच्या शेजारी बसते, थंडी वाजते म्हणत, दोन स्वेटर घालून. इतक्या वर्षांत कधी आली नव्हती.

२९ जुलै

आज व्हायचं ते झालं. खाडीच्या तोंडाशी मामाने माइक उचलला आणि थांबला. पाहुण्यांना वाटलं प्रार्थना वगैरे आहे, काहींनी टोप्या काढल्या. मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी सुकाणू रॉलीकडे दिलं आणि माइक घेतला.

 मामासमोर त्याच्या आईची गोष्ट मी कशी सांगू? पण कूळ आमच्याकडे आईकडूनच येतं, त्याचं तेच माझं. सांगितली. एका टोकाचं नाव अडलं तेव्हा मागून मावशी पुटपुटली. तिलाही सगळं पाठ! कधी बोलली नाही बाई.

नंतर धक्क्यावर हॅलिबट माशाचं सूप पिताना मामा म्हणाला, "घाई करतेस. मध्ये मध्ये पाण्यालाही बोलू दे." पूर्वीचा मामा, अगदी तसाच! मी भांड्यात तोंड घालून रडले.

६ ऑगस्ट

आज माइक त्याने स्वतःच माझ्या हातात दिला.

१४ ऑगस्ट

झोप नाही. आता भीती नावांची नाही. आज सकाळी त्याने मला एकदाही नावाने हाक मारली नाही.

२२ ऑगस्ट

मामा आज पाहुण्यांच्या रांगेत उभा राहून बोटीवर चढला. पुढच्या बाकावर बसला, माझं सगळं मन लावून ऐकलं, देवमाशाला टोपी हलवली. उतरताना थांबला, माझा हात हातात घेतला.

"छान सांगता हो. बाई, तुम्ही कुणाच्या?"

मी आमच्या भाषेत सांगितलं. आईचं नाव, तिच्या आईचं नाव, कूळ, घर.

मामा ऐकत गेला आणि त्याचा चेहरा उजळत गेला. म्हणाला, "अगं, मग तू आमचीच!"