बाबा आत आहेत

ता. १७, रविवार दुपार

प्रिय दादा,

सलाम. आधीच माफ कर, शुद्धलेखन चुकणार. आठवीतून सुटलेली मी, त्यात एका बोटानं टाइप करतेय. ‘ळ’ सापडायलाच किती वेळ गेला. चर्चच्या ऑफिसात बसलेय. टीचरबाई म्हणाल्या, सावकाश लिही, मी बाहेर थांबते.

आम्ही बरे आहोत. तूही बरा असशील. ढब्बूचे पुढचे दात पडले, आता ‘स’ म्हटलं की शिट्टी वाजते. पिटूच्या चपला तिला लहान झाल्या, पण टाकू देत नाही.

बाबांचं तुला कळलंच असेल. हॉस्पिटलच्या धुलाईत कपडे धुणाऱ्या बाबांसारख्या माणसांनी आजारी पडलं तरी मागच्याच दारानं यायचं, यावरून बाबा किती चिडायचे. तुमचं दोघांचंही त्यावरूनच वाजलं. शेवटी ते सगळ्यांना घेऊन पुढच्या दारातल्या खुर्च्यांवर जाऊन बसले. नुसती प्रार्थना म्हणत होते. पोलिसांनी सगळ्यांना उचललं.

धाकट्यांना मी सांगितलं, बाबा आत आहेत. मोठी माणसं म्हणतात तसंच म्हटलं. तर पिटू उठली आणि आतल्या खोलीचं दार ढकलायला लागली. ते फुगलंय, उघडत नाही. तेव्हापासून ती फटीतून बिस्किट आत सरकवते. मुंग्या झाल्यात.

गेल्या रविवारी टीचरबाईंचा घसा बसला होता, म्हणून छोट्यांच्या वर्गाचं पुस्तक माझ्या हातात दिलं. तुला माहितीय, चार माणसांत माझं तोंड उघडत नाही. पण ती सगळी गुडघ्याएवढी, म्हणून जमलं. एका जुन्या पाळकाची गोष्ट होती. त्याच्या लोकांना बोटीच्या वरच्या मजल्यावर बसायची बंदी. हा सगळ्यांना घेऊन वर बसला. कुणी मारलं तरी हात उचलायचा नाही, गाणं म्हणायचं, असं त्यानं शिकवलेलं. मग तोही आत गेला.

ढब्बू म्हणाला, “आपल्या आतल्या खोलीत? मग बाबांना जागा कुठाय?”

सगळी पोरं हसली. मीपण हसले. पुढच्या पानावर त्याला गोळी घालतात. तो पायऱ्यांवर पडलाय असं चित्र आहे. मी पुस्तकच मिटलं.

“मग तो घरी आला?” पिटूनं विचारलं.

“आला.”

“कसा?”

“बाहेर सगळे गाणं म्हणत होते ना. ते ऐकून आला.”

आता दोघं त्या दाराशी बसून गातात. घसा बसला तरी गातात. काल ढब्बू माझ्यावरच डाफरला, “तू तोंडातल्या तोंडात गातेस, म्हणून बाबांना ऐकू जात नाही.”

दादा, बाबा जेवत नाहीत. हे वरच लिहायचं होतं, बोट तिकडे जाईना. सगळ्यांना सोडल्याशिवाय खाणार नाही म्हणालेत. वकीलकाकू काल भेटून आल्या. बाबांना आता उठून बसवत नाही, आणि पाणीही नको म्हणायला लागलेत. काकूंनी विचारलं, कुणाचं तरी ऐकाल का हो? तर म्हणाले, मोठ्याला बोलवा. बस, एवढंच.

माझं वय बसत नाही म्हणून मला तुरुंगाच्या गेटवरूनच परत पाठवतात. शिपायानं हात हलवला की मी मागे फिरते.

तुमचं भांडण नंतर भांडा. मी मध्ये पडणार नाही. पण उद्याच ये. परवा नको. या दोघांना मी अजून काय काय सांगू? पुढचं पान मी त्यांना दाखवणार नाही, दादा. तू आत जा. आम्ही तिघं बाहेर गातो. मी मोठ्यानं गाईन.

वाट बघतेय.

तुझी, अजून तशीच घाबरट,
मधली

चौकातल्या शिंपीकाकांची मैना बोलायला लागली. रस्त्यानं कुणीही जाऊ दे, ‘ये, ये’ म्हणते.